कड्यावरची गाठ

माझं नाव सोपान. कवठे येमाईच्या अलीकडं आमची वाडी हाय, आम्ही धनगर, आज्यापातुर मेंढरं व्हती, बापानं ती इकली आन् कांदा लावला, आन् म्या काय केलं म्हणाल तर म्या कायबी केलं न्हाई. शाळंला म्हणून निघायचो आन् वाडीमागच्या कड्यावर जाऊन बसायचो, कारण तिथं मास्तरला चढता येत नव्हतं. तेवढंच माझं शिक्शान.

आता कड्याचं सांगतो. तीन मजली उभा कातळ हाय, माथ्यावर बिरोबाची काठी. जत्रंला त्या काठीला नवं निशाण बांधायचं, अनवाणी, बिनदोराचं चढून, आन् ह्यो मान आमच्या घराचा, चढायचो मीच. दुसरा कुठला मान आम्हाला न्हाई, सोसायटीला उभा ऱ्हायलो तवा मला तीन मतं पडली आन् घरात मतदार पाच.

हात कसा गेला इचारता न्हवं ताई, कडबा कापायच्या कुट्टी मशीनमधी गेला. लोकांचा कामात जातो, माझा बोलण्यात गेला. चुलतभाऊ नामदेव समोर बसल्याला, मी त्येला येक किस्सा सांगत व्हतो, कडबा घालत व्हतो आन् नामा हसतोय का ते बघत व्हतो. मशीनला काय किस्सा कळतोय व्हय. डावा हात कोपराखाली गेला. नामानंच बटन बंद केलं, टावेल बांधला, मोटरसायकलवर मधी बसवून शिरूरला न्हेलं.

त्या जत्रंला निशाण नामानं चढवलं, पुढच्या जत्रंलाबी त्यानंच. मंग आबा, म्हंजी आमच्या देवाचं भगत, म्हणलं सोपाना, तिसऱ्या साली न्हाई चढलास तर मान नामाच्या घरी जाईल, रीतच हाय. सरपंच म्हणला, त्येला जेसीबीच्या बकेटात बसवून वर धरू. आबा म्हणलं, मंग मान जेसीबीलाच देऊ की.

मंग मी सराव धरला, आमच्याच विहिरीच्या दगडी बांधकामावर. थोटं कोपर खाचंत घालायचं, वजन पायावर घ्यायचं, उजव्यानं वरचा दगुड धरायचा. पहिल्याच दिशी पाण्यात. बायको हिराबाई पळत आली, दोर टाकला, म्हणली दोन्ही हातानं धरा. मी खालून म्हणलं, दुसरा कुठून आणू. ती काठावर बसून हसाया लागली, मी पाण्यात हसतोय, दोर वढायचा ऱ्हायलाच. पर महिन्याभरात मी विहिरीतनं पालीवाणी वर याया लागलो.

जत्रंच्या दिशी निशाण दातात धरलं आन् चढलो. काय सांगू तुम्हाला, पाय कायबी इसरले नव्हते. कोपर सोलून निघालं पर कुठं थांबलो न्हाई. वर पोचलो, खाली हलगी वाजतीय, मी ऐटीत निशाण काठीला लावलं आन् तवा ध्येनात आलं. गाठ. महिनाभर चढायचा सराव केला, एका हातानं गाठ मारायचा येक दिस न्हाई. रोज सकाळी पायजम्याची नाडी हिराबाई बांधून देत व्हती, तरी माझ्या टकुऱ्यात आलं न्हाई.

बसलो खाली, काठीला पायाचा विळखा घातला. आमचा आजा लोकर वळायचा तवा सुताचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायचा, त्ये आठवलं. निशाणाचा येक बंद अंगठ्यात, येक दातात, आन् मधी माझी पाच बोटं. लई येळ गेला. खालनं मी दिसंना. हलगी थांबली. नामा वरडतोय, सोपान्या, काय झालं रं, बोल की. तोंडात बंद, बोलू कसा. जल्मात पहिल्यांदा मी गप बसलो, म्हणून लोकांना वाटलं मेला.

निशाण फडकलं तवा नामानं हलगी परत वाजवाया लावली. मी उतरलो, त्यानं माझ्या कोपराला भंडारा लावला आन् म्हणला, आता सांग, त्या किश्श्यात पुढं काय झालं. इतक्या दिसात कवाच इचारलं नव्हतं त्यानं. मी लई डोकं खाजवलं, ताई. आठवंना.

यंदाबी मीच चढलो. जुनं निशाण वाऱ्यानं फाटून गेल्यालं, गाठ मातुर तशीच काठीला. सोडाया बघितली, सुटंना. मंग ऱ्हाऊ दिली, तिच्यावरच नवं बांधलं. बिरोबा तुम्हालाबी सुखात ठेवो. आन् घरी कुट्टी मशीन असंल, तर तिच्यापशी गप ऱ्हावा.