गोटमार सोडून गोवा

तुम्ही विचारून राहिल्या ना बायांनो, समुद्रावरच्या त्या महागड्या रिसॉर्टात राहणं परवडते का म्हणून? मंग माह्या घरचं ऐका.

मी सावरगावची अन् नवरा नदीपलीकडच्या पांढुर्ण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या इथं गोटमार. जाम नदीच्या दोन काठांवरून दोन्ही गावं एकमेकांवर गोटे फेकतात. मागच्या वर्षी नवऱ्याच्या डोक्याले टाके पडले, अन् तो गोटा माह्या भावाचाच होता असं हे अजून म्हणून राहिले. म्हणून यंदा मी कोणाले न विचारता नेमकी त्याच दिवसाची गोव्याची बुकिंग करून टाकली.

तिथं पोहोचल्यापासून नवऱ्याचं तोंड वाकडं.

"एवढ्या पैशात विहिरीवर नवी मोटर बसली असती. अन् नाश्त्याले काय, तर संत्र्याचा रस! संत्रं प्याले मी बगीचा सोडून गोव्याले आलो काय वं?"



दुपारी किनाऱ्यावर गेलो, तर हे खाली मान घालून इकडून तिकडं फिरून राहिले. मले वाटलं, माह्यासाठी शिंपले वेचून राहिले असतील. थोड्या वेळानं रिकाम्या हातानं परत आले, चांगलेच तणतणत.

"काय भंगार जागा हाय वं ही! एवढा मोठा काठ, अन् हातात धराले एक गोटा नाही. कायचे पैसे घेतात हे लोक?"

"त्याचेच," मी म्हणलं.