नळी अजून औषधात आहे

रात्रीपासून उपाशी असलेले मास्तर पोटाच्या दुर्बिणीसाठी नंबर लावून बसले होते आणि उशीर होतोय म्हणून बायकोचं डोकं खात होते. तेवढ्यात शेजारच्या अर्धवट उघड्या दारातून आवाज आले. एक डॉक्टरांचा, दुसरा दुर्बिणीच्या नळ्या धुणाऱ्या मावशींचा.

"मावशी, नळी द्या. पेशंट खोळंबलाय."

"औषधात बुडवलीय. अजून अकरा मिनिटं."

"आतून ब्रश फिरवलात ना?"

"तीनदा. त्याआधी गळतीपण बघितली. एक बुडबुडा नाही."

"मग झालं की! चकचकीत दिसतेय."

"वरून दिसतेय. पोटात वरचीच तेवढी जाते का?"

"आजच्यापुरतं हो, मावशी. बाहेर ते मास्तर भडकलेत."

"भडकू देत. त्यांच्या भडकण्यानं जंतू मरत नाहीत."

"मावशी, इथे डॉक्टर कोण आहे?"

"तुम्हीच. आणि गेल्या वर्षी याच टेबलावर आडवे पडला होतात, तेही तुम्हीच."

"त्याचं आत्ता काय?"

"चारदा विचारलंत मला. 'मावशी, वीस मिनिटं पूर्ण भरली ना?' चारही वेळा मी हो म्हटलं, तेव्हा कुठे तोंड उघडलंत."

डॉक्टरांचा आवाज खाली आला.

"किती राहिली म्हणालात?"

"आता दहा. मग खळबळून धुणं, मग वाळवणं."

डॉक्टर बाहेर आले. "मास्तर, माफ करा, अजून थोडा वेळ लागेल."

मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं होतं.

"नऊ मिनिटं," ते म्हणाले. "मग धुणं, मग वाळवणं."