लाल पट्ट्याच्या पुढे गेलेला काटा

श्रोतेहो, एक सांगा. चूक आपली — आणि दुसऱ्याच माणसाने ती आपणहून अंगावर घेतली, तर? गप्प बसावं? ‘सुटलो बुवा’ म्हणावं? मान हलवू नका उगाच, आधी आख्यान ऐका!

समुद्रकाठचं एक छोटं रेडिओ केंद्र. तेव्हाचा रेडिओ म्हणजे घरातला वडीलधारा — अंगावर विणलेला रुमाल, आणि तो बोलू लागला की पोरंसोरं चूप! तिथे निवेदक भास्करराव टेमघरे. आवाज भरदार, आणि त्याचा अभिमान त्याहून भरदार!

आता हा आवाज गावोगाव जायचा कसा? तुम्ही कितीही ओरडा, पलीकडच्या आळीपुढे पोचणार नाही. केंद्रातलं यंत्र एक लहर सोडतं. सेकंदाला लाखो हेलकावे! धाव दांडगी, पण मुकी. लहरीला वाचा नाही, आवाजाला धाव नाही — आंधळ्या-पांगळ्याची जोडीच की! मग आवाजाला लहरीच्या खांद्यावर बसवतात. आवाज चढला की लहर उंच होते, उतरला की ठेंगणी. घरचा रेडिओ तेवढा चढउतार उचलतो, लहर सोडून देतो. झालं निवेदन!

पण मर्यादा आहे हो. आवाज फार जोराचा केला, तर उतरताना लहर दबत दबत पार नाहीशी होते. नाहीशी झालेली आणखी कुठे दबणार? तिथे ती तुटते! आणि तिच्यावरचे शब्दही तुटतात. म्हणून यंत्रावरचे दामूअण्णा रोज बजावायचे, “भास्करराव, आवाज मोजणारा काटा लाल पट्ट्यात नेऊ नका.”

एके दिवशी बाजारात कुणीतरी म्हणालं, “तुमच्या केंद्रातल्या त्या दुसऱ्या निवेदिका, शरयूबाई, त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा येतो हो!” झोंबलं! त्याच संध्याकाळी वादळाचा इशारा वाचायचा होता. दामूअण्णा चहाला गेले — आणि भास्कररावांनी आवाजाचं बटण फिरवलं. काटा लाल पट्ट्यात. आणखी फिरवलं! “पहाटे दर्यात जाऊ नका!” काय आवाज लावला म्हणता! स्वतःवरच खूश.

आणि कोळीवाड्यातल्या एकुलत्या एका रेडिओवर? खर्र... खर्र... खर्र!

पंधरा दिवसांनी चांगो नाखवा केंद्राच्या दारात. उजवा हात मनगटापासून गेलेला, फडक्यात बांधलेला. वादळात होडी खडकावर आपटली, मधे हात चिरडला. मागे त्याची बायको हौसा, पदरात रेडिओ गुंडाळलेला.

“सायब, यो रेडियो कुठं दुरुस्त व्हतो? त्या सांजेला निसता खरखरला, तवापास्नं लावलाच नाय. हिनं वल्या फडक्यानं पुसला व्हता. मी लय बोललो हिला.”

हौसाची मान खाली.

दामूअण्णांनी रेडिओ लावला. शरयूबाईंचा आवाज — स्वच्छ! शब्द न् शब्द!

“बगा, हितं कसा शान्यावानी बोलतो!” नाखवा हसला. “सासुरवाडीला आलाय जनू!”

दामूअण्णा हसले नाहीत. त्यांनी नुसतं भास्कररावांकडे पाहिलं. आणि आमचे भास्करराव काय म्हणाले? “तार... तार सैल असेल एखादी.”

अरेरे! तो भरदार आवाज गेला कुठे हो?

दोघं जायला निघाली. पायरीवर हौसा वळली. “सायब, आता नाय कंदी वलं फडकं लावनार. माज्यापायी यांचा हात गेला.”

भास्करराव दारापर्यंत धावले. वाटलं, जमीन दुभंगावी. आपलं पाप ही बाई जन्मभर पदरात बांधून नेणार, आणि आपण पाहत राहणार?

“हौसाबाई,” ते म्हणाले — आणि आवाज कसा, शेजारच्यालाही कष्टाने ऐकू यावा असा. “रेडिओ चांगला आहे. मी मोठं ऐकू यावं म्हणून बटण जास्त फिरवलं. शब्द मी तोडले.”

नाखव्याचं हसू मावळलं. हौसा एक पायरी वर आली. “मंग मी नव्हते?”

“नव्हतात.”

“पुन्हा सांगा.”

“तुम्ही नव्हतात, बाई.”

ती पायरीवरच बसली आणि ओक्साबोक्शी रडली. नाखव्याने डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. भास्कररावांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. क्षमा? नाही मिळाली. पुढेही नाही. आणि मंडळी, ती मागायला ते बोललेच नव्हते!

आता तुमच्याकडे येते. पुढे बसलेले काका, खांबाआड कशाला सरकता? घरात आपण ओरडतो, समोरच्याला कळत नाही, आणि वर विचारतो — “बहिरी झालीस का?” ती बिचारी म्हणते, “माझंच चुकलं असेल.” किती वर्षं म्हणतेय ती? गजर नंतर करू. टाळ खाली ठेवा. ज्याचं तोंड आत्ता डोळ्यांपुढे आलं, त्याच्याकडे आधी जा. आणि हळू बोला!