टोकणारी मावशी

(कुरुळी. बाळूच्या घराची ओटी, दुपारची वेळ.)

विजयश्री : उद्या सही करायलात म्हणे तुम्ही?

बाळू : व्हय. कंपनीत धाला बोलावलंय. जबाबात खोटं काय लिवलंय, मॅडम? ‘सूचना दिसूनही मी मशीन चालवली.’ चालवलीच की.

भागूबाई : सही केली की नोकरी जाती म्हनं. मी आई हाय, माझं ऐकत न्हाई. तुमी तरी सांगा.

बाळू : आये, नोकरीचं काय घिऊन बसलीस? तिकडं कुलदीपचा डोळा गेलाय.

विजयश्री : काकू, प्रेसवर जो स्क्रीन आहे ना, त्यातलं सगळं मी लिहिलंय. म्हणून आलेय. बाळूभाऊ, मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. काय झालं नेमकं?

बाळू : प्रेसची डाय, म्हंजी साचा, बदलली. नव्या डायची उंची टाकायची, तर म्या जुन्याचीच टाकली. पन्नास मिलिमीटरनं कमी. प्रेस तेवढी जास्त खाली आली, डाय फुटली, तुकडा उडाला. कुलदीप शेजारी हुता.

विजयश्री : स्क्रीनवर पिवळी पाटी आली होती?

बाळू : आली की. ‘उंची जुळत नाही, पुढे जायचं का?’ असंच कायतरी असंल. म्या वाचली न्हाई.

विजयश्री : का?

बाळू : राग यील तुमास्नी.

विजयश्री : सांगा.

बाळू : आमी समदी तिला मावशी म्हनतो. तारीख ऱ्हायली, आली मावशी. नाव अर्धंच टाकलं, आली मावशी. एका शिफ्टला दीडशेदा येती. टोकती, पन थांबवत न्हाई. ‘पुढे’ दाबलं की जाती. मंग बोट आपसूक जातंय, डोळं कुठंबी असूंद्यात.

विजयश्री : आधी ती पिवळी नव्हती. उंचीची तेवढी लाल होती. आकडा चुकला की प्रेस चालूच व्हायची नाही.

बाळू : कवा?

विजयश्री : पहिले नऊ दिवस, दुसऱ्या शेडमध्ये. स्क्रीन तुमच्या शेडमध्ये यायच्या आधी. मशिनी उभ्या राहायल्यात, माल निघत नाही, म्हणून साहेबांचा रोज फोन. मी अर्ध्या तासात लालचं पिवळं केलं.

बाळू : सायबाचंबी चूक न्हाई. डाय घासून आनली की उंची खरंच कमी व्हती. लाल ठिवलं असतं तर खरा आकडाबी मशीननं घेतला नसता.

विजयश्री : तेच सांगून मी मनाची समजूत घातली. माणसाला जास्त कळतं, मशीननं नुसतं सांगावं. पण घासलेली डाय सुपरवायझरनं येऊन मोजायची, त्यानं मंजुरी दिली की प्रेस सुरू, असं करता आलं असतं. दोन दिवस लागले असते. ते मी मागितले नाहीत.

भागूबाई : मंग ह्येच लिवून द्या की, बाई.

विजयश्री : दिलंय, काकू. सकाळीच.

भागूबाई : आन तुमची नोकरी?

विजयश्री : बघू. उदगीरला आईला अजून सांगितलं नाही. बाळूभाऊ, सही करा, पण तिच्या वर तुमच्या हातानं लिहा, पाटी दीडशेदा येते आणि शेडमधला प्रत्येक जण न वाचता दाबतो. तेही खोटं नाही.

बाळू : आता काय येतं स्क्रीनवर?

विजयश्री : फालतू पाट्या सगळ्या काढल्या. उंचीची लाल केली. आज सकाळपासून एकदाच थांबली प्रेस.

बाळू : कोन हुतं मशीनवर?

विजयश्री : पुनम. कालच लागलीय. आकडा चुकला तिचा. घाबरली, पण पाटी दोनदा वाचली, जाऊन डाय मोजली, मग नीट टाकला.

बाळू : वाचली व्हय?

विजयश्री : हो.

बाळू : कुलदीपबी वाचायचा, मॅडम. कामावर नवा आला त्या दिवशी एकेक पाटी बोट ठिवून वाचत हुता. म्याच त्याला म्हनलो, वाचत बसू नगं.