नळीत राहिलेली गोळी

(स्लोव्हेनियातलं कोचेव्येचं रान. ऑक्टोबर, संध्याकाळ. शिडीवरचं लाकडी मचाण. दोघं कुजबुजत बोलतायत.)

तिंकारा : हलू नका, हिंकोकाका. ती वर बघतेय.

हिंको : मी कुठे हलतोय? माझा पाय हलतोय. बधिर झालाय, माझं ऐकत नाही.

तिंकारा : पिल्लू अजून शिडीशेजारच्या बीचच्या झाडावरच आहे. ते खाली आल्याशिवाय आई बुंध्यापासून सरकायची नाही.

हिंको : मला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून अस्वलं बघतोय मी.

तिंकारा : मग एवढ्या मोठ्यानं शिवी कशाला हासडलीत? बिचारं पाचोळ्यात खात होतं. तुमचा आवाज ऐकला आणि सरसर वर गेलं.

हिंको : मांडीवर बंदुकीची दारू सांडली असती ना, तर तूही हासडली असतीस. काडतूस काढायला नळीमागचा खटका मागे ओढतो, तर पुंगळी हातात आणि गोळी नळीतच! आयुष्यात असं झालं नव्हतं.

तिंकारा : बरं झालं इथेच कळलं. शिडी उतरण्याआधी बंदूक रिकामी करायची, हा नियम तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलात.

हिंको : नियम बरोबरच आहे. गोळी खोटी आहे. शिशाची असती तर गुमान बाहेर आली असती. पण नाही! तांबं आणा, तांबं आणा. गरुडांसाठी!

तिंकारा : गेल्या हिवाळ्यातला गरुड कुणी उचलून आणला होता? शिकार केलेल्या डुकराची आतडी खाल्ली, त्यात शिशाचे कण. मान धरवत नव्हती त्याला. कोटात गुंडाळून तुम्हीच आणलात.

हिंको : आणला. वाचला का?

तिंकारा : नाही.

हिंको : मग जाऊ दे.

तिंकारा : मी बोगोमिरला फोन लावते. राखणदार आहे तो, त्याची गाडी आली की ही निघून जाईल.

हिंको : खबरदार! तो शिडीशी आला की आधी बंदूक मागेल आणि नळीत डोकावेल. वसंतातल्या शिकारी मंडळाच्या सभेत काय ठरलं, विसरलीस? हिंको अठ्ठ्याहत्तरचा झाला, आता एक जरी चूक झाली तरी बंदूक जमा. पहिला हात त्याचाच वर गेला होता.

तिंकारा : मग रात्रभर इथेच बसायचं?

हिंको : गप्प बसलो तर पिल्लू उतरेल. तूच बडबडतेयस.

तिंकारा : मी? बरं. ती पुंगळी द्या इकडे. आणि खिशातली बाकीची काडतुसंही.

हिंको : कशाला?

तिंकारा : द्या हो.

हिंको : घे. अंधारात काय दिसणार आहे तुला?

तिंकारा : दिसायला कशाला हवं, नखाला कळतं. काका, ही माझी काडतुसं नाहीत.

हिंको : तुझीच आहेत. शनिवारी माझ्या टेबलावर बसून तूच भरलीस. मी शेजारी होतो.

तिंकारा : मी भरली तेव्हा गोळीवरची शेवटची खाच पुंगळीच्या तोंडात बुडाली होती. आता ती नखाला लागतेय. हिचीही. हिचीही. सगळ्या गोळ्या पुढे आल्यात.

हिंको : सरकल्या असतील खिशात.

तिंकारा : सगळ्या? सारख्याच?

हिंको : हळू बोल.

तिंकारा : तुम्ही ओढल्यात.

हिंको : ओढल्या नाहीत. गोळ्या उपसायची पोकळ हातोडी असते ना, तिच्यात घालून हलके टोले देऊन पुढे आणल्या. अगं, गोळी नळीतल्या पिळांना टेकली पाहिजे. नेम तिथून येतो. या सगळ्या दरीत माझ्यासारखा नेम होता का कुणाचा?

तिंकारा : नव्हता. पण तो शिशाच्या गोळीचा. तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. आणि कडकही. शिसं पिळांपुढे नमतं, हे रुतून बसतं. म्हणून मध्ये थोडी मोकळी जागा सोडायची. माहितीपुस्तकातलं हे पान तुम्हीच मला मोठ्यानं वाचायला लावलं होतंत.

हिंको : छापलेलं वाचावं. मग हाताला पटेल ते करावं.

तिंकारा : आणि ज्या डुकरासाठी बसलो होतो, ते आलं असतं तर? गोळी आधीच रुतलेली, त्यात तुम्ही चाप ओढला असतात. आतला दाब कुठवर चढला असता? माझा गाल तुमच्या खांद्याशी होता, काका.

हिंको : डुक्कर आलं नाही.

तिंकारा : डुक्कर आलं नाही! हे उत्तर झालं?

हिंको : शू! उभी राहिली.

तिंकारा : पंजा शिडीवर ठेवलाय.

हिंको : तिच्याकडे बघू नकोस. श्वास हळू घे. पिल्लापासून लांब जायची नाही ती.

तिंकारा : जबडे वाजवतेय.

हिंको : वाजवू दे. वाजवते तोवर विचार करतेय... हां. बसली.

तिंकारा : मला घरी जायचंय. सासूबाईंकडे पोरगी माझ्याशिवाय झोपत नाही.

हिंको : माहीत आहे मला.

तिंकारा : ऐका. मी फोन करते आणि सांगते, गोळ्या मी भरल्या, माप माझं चुकलं. मी शिकाऊ. मला चार लोक हसतील, संपलं.

हिंको : आणि तुझी शिकारीच्या परवान्याची परीक्षा?

तिंकारा : एक वर्ष पुढे जाईल.

हिंको : पोरीच्या वेळी एकदा गेलीच होती.

तिंकारा : आता पुन्हा जाईल.

हिंको : आणि बंदूक माझ्याकडे राहील.

तिंकारा : राहील.

हिंको : खरंच सांगशील असं?

तिंकारा : सांगेन. पण यापुढे मचाणावर तुमच्या शेजारी मी बसणार नाही. एकटे बसा. लावू फोन?

हिंको : लाव. नाही, लाव आणि माझ्याकडे दे.

तिंकारा : हा घ्या. वाजतोय.

हिंको : बोगोमिर? हिंको बोलतोय. हळू बोल, खाली अस्वलीण आहे. हसू नकोस, मेल्या. जुन्या करवत गिरणीमागचं मचाण. पिल्लू झाडावर आहे... बंदूक आहे, पण निकामी. गोळी नळीत अडकलीय... नाही, तिनं नाही. तिनं नीट मापात बसवल्या होत्या. मी मागाहून पुढे आणल्या... हो, सगळ्या... ठाऊक आहे मला. सभेत मीही होतो की... बरं. ये.

तिंकारा : काय म्हणाला?

हिंको : येतोय. म्हणाला, तोवर दोघं अवाक्षर काढू नका.

तिंकारा : आणि बाकीचं?

हिंको : सभेत काय ठरलं ते आठवतं का, एवढंच विचारलं.

तिंकारा : काका, मी...

हिंको : आता नको. उतरू दे त्या पोराला.

(थोड्या वेळानं. पिल्लू झाडावरून उतरतं.)

तिंकारा : गेली. पिल्लूही गेलं तिच्यामागे. ते बघा, गाडीचे दिवे.

हिंको : मग चल. ही बंदूक तू घे.

तिंकारा : शिकाऊनं न्यायची नसते.

हिंको : आज ती नुसती काठी आहे. घे. शिडीवर मला दोन्ही हात लागतात.