कनेक्टिंग, आणि पुढे नुसती टिंबं

तुमच्या वहीत नाव लिहायचंच असेल तर आधी यमुनाकाकीचं लिहा, माझं मग. माझी चुलती ती. आई गेली तेव्हा मी अंगणात रांगत होतो असं सगळे सांगतात, आणि तिथून मला उचललं ते हिनं. काकासुद्धा लवकर गेले, हिला स्वतःचं मूल नाही, मग राहिलो आम्ही दोघंच. बारवी धरणाच्या अलीकडे आमचा पाडा आहे, थोडी घरं, भातशेती आणि मागे रान. काकी सकाळीच टोपली घेऊन निघायची, पावसाळ्यात शेवळं, टाकळा, नंतर काकड्या, नंतर वाल, बदलापूर गावात नेऊन विकायची, आणि त्या टोपलीवर मी शिकलो, शाळा, मग कॉलेज, बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीसुद्धा पाहिलेली नाही. मी धडा वाचायचो तेव्हा ती शेजारी वाल सोलत बसायची आणि माझ्याच पुस्तकातून अक्षरं शिकली, मोठं आणि सुटं लिहिलेलं अजून वाचते. काय सांगू तुम्हाला, पदवीचा कागद तिच्या हातात दिला तर म्हणाली, यान तुजा नाव कुटं हाय ता दाखव, बाकी मना नको.

आता मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका वर्कशॉपमध्ये आहे, मोटारींचे कंट्रोल पॅनेल बनवतो आम्ही. राहतो बदलापूर गावात, मी आणि बायको सायली. काकी पाड्यावरच, एकटी.

आता पाण्याचं सांगतो. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ना, ते आमच्याच पाड्याला बघून म्हटलं असणार. नळाला पाणी कधी येईल याला वेळ नाही. घरामागे चौथऱ्यावर टाकी आहे, ती भरली का बघायला काकी शिडीवर चढते, नाही बघितलं तर टाकी वाहते आणि खालचा वालाचा वाफा चिखल. या पावसात ती शिडीवरून घसरली, मनगट मोडलं. प्लास्टर घालायला इथं आणली तेव्हा सायली म्हणाली, आता पुरे झालं, काकींना आपल्याकडेच ठेवा. मी पण तेच म्हणालो. काकीनं खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडे बघितलं, मग म्हणाली, दिन्या, तू एवरा शिकलास, मना शिडीवं जायला लागू नये असा कायतरी कर ना. तुजा दिवा पेटला तं मी माज्या घरान ऱ्हातंय, नाय पेटला तं दिवाली झाली का येतंय तुज्या खोलीन, मंग मी काय बोलनार नाय.

आता तुम्हीच सांगा, जिनं मला शिकवलं तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाकडे काही मागितलं, आणि ते म्हणजे एक दिवा.

वस्तू साधी हो. अंगठ्याएवढा बोर्ड, त्यावर चिप, हौशी लोक खेळायला घेतात तसला. टाकीत तरंगता गोळा, टाकी भरली की गोळा वर येणार, तारेतून बोर्डाला कळणार आणि स्वयंपाकघरातला दिवा लागणार. कधी लावायचा, कधी नाही, हे कॉम्प्युटरवर लिहायचं आणि तारेतून चिपमध्ये सोडायचं, त्याला अपलोड म्हणतात. माझा बोर्ड स्वस्तातला, त्यामुळे सोडताना त्यावरचं बारकं बटण धरून ठेवावं लागतं, तेव्हा तो जुनं काम थांबवून नवं ऐकायला बसतो.

दसऱ्याला नेऊन लावून बघितला. दिवा लागला, पण टाकीत पाणी पडतं तेव्हा लाटा उठतात, गोळा नाचतो, आणि दिवा नुसता लुकलुक लुकलुक. काकी म्हणाली, या दिवा हाय का काजवा? मी म्हटलं, दोन ओळी बदलायच्या आहेत, पाणी ठरेपर्यंत थांबायला शिकवतो त्याला. दसऱ्याला आमच्याकडे कोयता, विळा, सूप सगळं पाटावर मांडून पूजतात, तिनं बोर्डसुद्धा मांडला. निघताना मी गोळा आणि दिवा सोडवून पिशवीत टाकला, बोर्ड रुमालानं पुसून खिशात घातला, तर म्हणाली, आता ह्योच लावायचा बरा, पूजलेला बदलायचा नाय.

घरी आलो, दोन ओळी बदलल्या, बटण धरून अपलोड दाबलं. पडद्यावर येतं, कनेक्टिंग, आणि पुढे टिंबं, टिंबं, एक रेघ, परत टिंबं. मग लाल अक्षरात, चिपकडून उत्तर नाही. परत केलं. टिंबं, रेघ, टिंबं, लाल. आणि बोर्ड मेलाय म्हणावं तर तसंही नाही, गोळा हलवला की दिव्याची ती जुनी लुकलुक चालूच. म्हणजे जिवंत आहे, कामावर आहे, फक्त माझं ऐकत नाही. मेला असता तर बरं, माणूस रडून मोकळा होतो.

मग सगळं सुरू केलं. आधी पोर्ट बघितला, म्हणजे बोर्ड जोडलाय हे कॉम्प्युटरला दिसतंय का, तर बरोबर. मग ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला बोर्डाची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, काढून परत टाकला. मग वाटलं पडद्यावर दुसऱ्या प्रोग्रॅमची खिडकी उघडी राहून पोर्ट अडवते, ती बंद केली. वेग कमी केला, की बाबा हळू सांगतो, हळू ऐक. गोळ्याच्या तारा सोडवल्या. मग केबलवर संशय आला, म्हणून कॅम्प चारमध्ये गोपकाकांच्या दुकानात गेलो, सिंधी म्हातारा, आमच्या वर्कशॉपला माल तोच देतो. नवी केबल आणली, तर आता पोर्टसुद्धा दिसेना! दुसऱ्या दिवशी जाऊन भांडलो. गोपकाका शांत, म्हणतो, साईं, मोबाइल लगा के देख, चार्ज होता है के नहीं? मी म्हटलं, चार्ज होतो, पण मला आतून माहिती पाठवायची आहे. तो म्हणाला, तो डेटावाली बोलना था ना, तूने बोला केबल दो, मैंने केबल दी, तू इंजिनियर है, मैं तो दुकानदार हूं. दोन तारांची केबल आणि चार तारांची केबल वरून सारखीच दिसते हो. डेटावाली घेतली. पोर्ट दिसला. कनेक्टिंग. टिंबं, रेघ, टिंबं.

नवा बोर्ड का नाही घेतला असं सायलीनंही विचारलं. गोपकाकाकडे माल नव्हता, म्हणाला दिवाली के बाद. आणि खरं सांगू, काकीचं ते वाक्य डोक्यात बसलं होतं, पूजलेला बदलायचा नाय. सायली म्हणाली, अहो, जेवायला या, ती टिंबं काय पळून जात नाहीत. मी ओरडलो तिच्यावर. ती ताट ठेवून म्हणाली, ओरडा, मी तरी ऐकते, तो बोर्ड तेवढंही करत नाही.

आणि अशात पाड्यावरून शेजारणीचा फोन, की तुझ्या काकीनं कोंबड्या वाटून टाकल्या, एक तर मलाच दिली, विचारलं तर म्हणते, दिन्याच्या खोलीन कोंबरी कुटं ठेवू. फोन ठेवला. दिवाळी अजून आली नव्हती. मी हरलोय हे तिनं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नव्हतं. काकीशी फोनवर बोलावं तर तिला फोनवर ऐकूच येत नाही, नुसतं जेवलास का, जेवलास का, आणि ठेवते.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये एका पंपाचा पॅनेल आला, स्टार्टचं बटण दाबलं तरी मोटर उठत नाही. आमच्याकडे पद्धत आहे, बटणावर भरवसा ठेवायचा नाही, बटण सोडून द्यायचं आणि त्याच्या दोन टोकांना सरळ वायर मारायची. मी वायर मारली, मोटर उठली. आणि पेचकस हातात तसाच. अरे, मी केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, आणि बोट ज्या बटणावर रोज ठेवतोय त्याच्यावर एकदाही संशय घेतला नाही!

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवला, बॅगेतून लॅपटॉप आणि बोर्ड काढला, बटणाचं काम करणाऱ्या पिनेला वायरचा तुकडा लावून ग्राउंडला टेकवला, म्हणजे बटण न दाबता दाबल्यासारखंच. अपलोड. कनेक्टिंग, दोन टिंबं, आणि सरळ आकडे पळायला लागले. मी मोठ्यानं हसलो, शेजारचा घाबरला.

मग कापसाला स्पिरिट लावून बटण साफ केलं. आधी कापूस लाल झाला, मग पिवळा. कडेला तांदळाची कणी. तेव्हा आठवलं. दसऱ्याला पाटापाशी काकी मला म्हणाली होती, इळ्याला मूठ हाय, सुपाला काठ हाय, याचा कपाल कुटला रं? आणि मी हसत बटणावर बोट ठेवलं होतं, हे बघ, हे धरल्याशिवाय हा कुणाचं ऐकत नाही. तिनं ओलं कुंकू बरोबर तिथंच लावलं, वर हळद, वर अक्षता. मी पुसलं ते वरचं, आतलं आतच राहिलं.

सायली म्हणाली, सांगा की त्यांना, हसतील. मी म्हटलं, नको. पुढच्या दसऱ्याला त्या दिव्याला तिनं हात लावायचा नाही असं नको व्हायला. वर्कशॉपमधून प्लास्टिकचा डबा आणला, बोर्ड आत बसवला, झाकण पक्कं केलं. आणि तिला पत्र लिहिलं, मोठं, सुटं सुटं. काल आमच्या पाड्याच्या दूधवाल्याजवळ दिलं. कच्चा कागद माझ्याकडे आहे, वाचून दाखवतो, मग तुम्ही निघा, तुम्हालाही उशीर होईल.

यमुनाकाकीस,

शि. सा. न.

दिवा झाला. आता काजव्यासारखा करत नाही. पाणी ठरलं की लागतो आणि लागलेला राहतो. बोर्ड तोच आहे, तू पूजलेला. बदलला नाही.

रविवारी मी आणि सायली येतो. सामान बांधू नकोस. बांधलं असशील तर सोड. शिडी मी नेऊन गोठ्यात टाकणार आहे.

दिव्याला डबा केला आहे. झाकणावर मधोमध लाल गोल काढला आहे. ते याचं कपाळ. हळदकुंकू तिथं लावायचं. डबा उघडायचा नाही.

मी जेवतो वेळेवर.

कोंबड्या परत मागून आण.

तुझा,
दिन्या