पेंटरच्या कॉलरवरची पाल

समारंभाचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरच्या आमच्या वर्गाच्या बाई, वर्गाला जागा देणारे ग्रंथपाल, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते आमचे पेंटर, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक, आणि प्रौढ साक्षरता वर्गातल्या माझ्या ज्येष्ठ बंधुभगिनींनो,

बोलायची विनंती माझ्याकडेच का आली, याबद्दल मला संशय आहे. पण ते असो. संशय हा माझा पिंडच. उभी हयात विम्याचे दावे तपासण्यात गेली. जळालेलं गोदाम पाहून लोक हळहळायचे, मी आधी काडेपेटी शोधायचो. निवृत्त झाल्यावर संशय घ्यायला घरात एक बायकोच उरली. तिनं मला बाईंच्या मदतीला इथं पाठवून दिलं. "जा, अक्षरं शिकवा. अक्षरं खोटं बोलत नाहीत," म्हणाली.

थोड्याच दिवसांत सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ मागच्या बाकावर येऊन बसू लागले. म्हणाले, वाचता येत नाही. बाईंनी 'अ' गिरवायला दिला. यांनी असा सुबक 'अ' काढला की छापखान्यानं मागून न्यावा. मी मनात म्हटलं, इथं पाणी मुरतंय. लिहायला सांगितलं की मोत्यासारखं अक्षर, आणि वाचा म्हटलं की मुके! हे सोंग कशासाठी? ग्रंथालयाच्या घरमालकानं पाळतीवर पाठवलेला माणूस तर नव्हे? की पुढच्या बाकावरच्या शिवणकामवाल्या मावशींसाठी? मावशींकडे हळूच चौकशी केली. त्या म्हणाल्या, "ते माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तुम्हीच फार बघता." मावशी सभागृहात आहेत, म्हणून जसंच्या तसं सांगितलं.

मग बाजारात कळलं की अर्ध्या दुकानांच्या पाट्या यांनीच रंगवल्यात. मी त्यांना वर्गाच्या जिन्यातच गाठलं.

"पाट्या तुम्हीच रंगवल्यात ना?"

"हो."

"आणि वाचता येत नाही?"

"आता येत नाही."

"हे 'आता' काय प्रकरण आहे?"

ते पायरीवर बसले. म्हणाले, "एका सकाळी दुकान उघडलं. आदल्या दिवशी मीच रंगवलेली पाटी समोर होती. अक्षरं दिसत होती, पण काय लिहिलंय ते कळेना. ब्रश घेतला तर हात बरोबर चालायचा. लिहून झालं की तेही वाचता येईना. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद पडलीय. लेकीला सांगितलं नाही. ती दुकान बंद करून मला उचलून तिच्या गावी नेईल. इथं बरं आहे. नवशिक्यांत कुणी विचारत नाही, आधी येत होतं का म्हणून."

मंडळी, तुम्ही विश्वास ठेवला असता? माणसाला लिहिता येतं आणि स्वतःचंच लिहिलेलं वाचता येत नाही? असले दावे मी नुसत्या वासावरून फेटाळलेत.

मी सापळा लावला. दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना त्यांच्यापुढे एक चिठ्ठी सरकवली: 'तुमच्या कॉलरवर पाल आहे.' वाचता येणारा माणूस दचकल्याशिवाय राहणार नाही. त्यांनी चिठ्ठी पाहिली. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मी त्यांच्या मानेकडे बघतोय, ते चिठ्ठीकडे. मग त्यांचं बोट अक्षरांवरून फिरू लागलं, ब्रश फिरवावा तसं. एक वळण, पुन्हा तेच वळण. ओठ पुटपुटले. आणि बऱ्याच वेळानं ते ताडकन उठले, कॉलर झटकली, बाक कलंडला. सगळा वर्ग हसला. पण पेंटर पाल शोधत नव्हते. चिठ्ठी घट्ट धरून म्हणाले, "पाल लिहिलंय. बाई, मी वाचलं."

डोळ्यांना जे कळत नव्हतं, ते हाताला कळत होतं. बाईंनी त्या दिवसापासून त्यांना बोटानं गिरवून वाचायला बसवलं. शब्द जमले, मग ओळी. एक अख्खा परिच्छेद जमला तेव्हा त्यांनी स्वतःच लेकीला फोन केला. ताई आल्या, लपवलं म्हणून भरपूर चिडल्या, आणि मग त्याच बाकावर बसून त्यांचा धडा ऐकत राहिल्या. आता पेंटर त्यांच्याकडे निघालेत. कुणी उचलून नेत नाही, आपल्या पायांनी जाताहेत.

तरी ताई, एक शंका आहेच. जोडाक्षरांवर त्यांचं बोट अजून अडखळतं, मी पाहिलंय. माझ्या मते त्यांना आणखी एक वर्ष याच वर्गात ठेवायला हवं. बाई मान हलवून नाही म्हणताहेत. बरं.

काल पेंटर मला म्हणाले, "साहेब, खोटं पकडायला तुम्ही शिकलात. खरं निघालं तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही वाटतं." नाही शिकवलं. या वयात शिकतोय, तुमच्याच शेजारच्या बाकावर.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण निमूट ऐकून घेतलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. काही अधिक-उणं बोलून गेलो असेन तर पोटात घाला. पेंटर तिकडे मिशीतल्या मिशीत हसताहेत. का हसताहेत, ते आज मी तपासणार नाही.